सव्वीस ओळी

ता. ९ मार्च

ती. ताईस,
बारक्याचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही आणि जीभही वळत नाही, हे वाचून मन खट्टू झालं. चाळीस वर्षं चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून बोलणारा पाळक, आणि आता पाणी हवं असलं तर डाव्या हाताने खाटेची कड वाजवायची. पण ऐकू नीट येतं आणि समजतंही सगळं, असं डॉक्टर म्हणाले ना? मग माझी पत्रं त्यांना वाचून दाखवत जा. मुलगा पगार घेऊन दिवसभर करतो काय, हे त्यांना एकदा तरी कळू दे.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. शिवणाच्या दुकानात तुझ्या शेजारच्या मशीनवर बसणारी ती काजंवाली म्हणाली की नवा करार इतक्या वेळा उतरवला गेलाय की मूळचं त्यात काही उरलेलंच नाही. एवढं ऐकून तू दोन दिवस धड जेवली नाहीस. अगं, तुझा सख्खा भाऊ हस्तलिखितांच्या खोलीत बसतो आणि तू काजंवालीचं ऐकतेस, हे माझ्या बायकोला कळलं तर ती महिनाभर हसेल.

नीट ऐक. मूळ पान एकही उरलेलं नाही, हे खरंय. मार्कच्या हातचं, योहानाच्या हातचं काही कुणाकडे नाही. पण उतरवलेल्या प्रती नुसत्या ग्रीक भाषेतल्याच पाच हजारांच्या वर आहेत. सगळ्यात जुना मानतात तो तुकडा तुझ्या तळहाताएवढा असेल. या प्रती वेगवेगळ्या देशांत, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी उतरवल्या. एकाला डुलकी लागून ओळ सुटली तरी ती दुसऱ्या देशातल्या प्रतीत सापडते. आम्ही दोन प्रती शेजारी ठेवतो, तिसरी काढतो, आणि चुकलेला कोण ते पकडतो. बहुतेक फरक म्हणजे शब्द मागेपुढे झालेले, नाहीतर एखादा सुटलेला. लहानपणी रविवारी दुपारी बाबा आपल्याला उतरवायला बसवायचे ना, तेव्हा आपण करायचो त्याच चुका. आधी मूळच्या ओळी मोजायच्या, कोऱ्या कागदाच्या तळाशी आकडा लिहायचा, आणि मगच ओळीखाली ओळ उतरवायची. आकडा आधी लिहिला की हात बांधला जातो, असं ते म्हणायचे. जुने लेखनिकही ओळी मोजत हे मला इथे आल्यावर कळलं, तेव्हा बाबांची फार आठवण आली.

एक मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. सध्या माझ्या टेबलावर मार्कच्या शुभवर्तमानाचं एक जुनं पुस्तक आहे, शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. मी त्यांना पातळ कागदाचं अस्तर लावतोय. मार्कच्या अखेरीस बायका प्रभूच्या रिकाम्या थडग्यापासून घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. सगळ्यात जुन्या दोन मोठ्या प्रती तिथेच थांबतात. नंतरच्या बहुतेक प्रतींत पुढे बारा वचनं आहेत, भेटीगाठीची, धीर देणारी. बाबा दर वर्षी ईस्टरला वाचायचे तीच. बहुतेक जाणकार म्हणतात की ती मागाहून जोडलेली आहेत. कुणाला तरी तो शेवट सोसला नसणार. यात लबाडी नाही, मायाच आहे. पण आमचा एक नियम आहे, की दोन पाठांमधला, म्हणजे एकाच मजकुराच्या दोन रूपांमधला, जो सोसायला कठीण, तो बहुधा मूळचा. उतरवणारा माणूस कडू असेल ते गोड करतो, उलटं सहसा करत नाही. शिवाय जोड दिसतोच. आधीचं वाक्य एकीकडे तोंड करून उभं असतं आणि पुढचं भलतीकडे. तुला काय सांगायचं, तू तर हात फिरवून सांगशील की बाही कुठे जोडली आहे. आणि भर ओळखता येते म्हणूनच बाकीच्यावर विश्वास ठेवता येतो, हे काजंवालीला माझं नाव घेऊन सांग.

माझा खोकला बरा आहे. जेवत जा वेळेवर. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा,
बारक्या

(ओळी ६१. मोजून पाहा. माझी बायको म्हणते की पत्राखाली आकडा टाकणारं घर तिने दुसरं पाहिलेलं नाही.)

*

ता. २२ मार्च

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. दुपारची वेळ होती, त्यांना उशी देऊन बसवलं होतं. काजंवालीचं वाचलं तेव्हा त्यांच्या तोंडाची डावी कड हलली, हसले असावेत. आकड्याचं आलं तेव्हा डोळे भरले. आणि मग तू ते मार्कचं लिहिलं आहेस, मागाहून जोडल्याचं, माया म्हणून जोडल्याचं, ते वाचत असताना त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातातला कागद धरला. ओढला नाही, नुसता धरून ठेवला. मी विचारलं, बाबा, पाणी हवंय का? त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळपर्यंत वळलेच नाहीत, औषधसुद्धा त्या बाजूला जाऊन द्यावं लागलं.

बारक्या, तेव्हापासून मी रात्री दिवा लावून बसते आहे. का ते तुला कळलं असेल. नसेल तर सांगते, कारण हे मी तुझ्याशी कधी नीट बोललेच नाही.

चिमीने लग्न आठ दिवसांवर असताना मोडलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, तिचा झगा मी स्वतः शिवला होता. मी तिला दारात उभं करून म्हटलं की या घराला तू मेलीस. पोटच्या पोरीला म्हटलं. ती गेली, दवाखान्यात नर्सचं काम धरलं, तिथलाच ताप तिला लागला. साडेतीन वर्षांत तिने मला एक ओळ लिहिली नाही आणि मीही ताठ्यात राहिले. तिचं शेवटचं पत्र आलं ते बाबांच्या नावावर. दुसऱ्या दिवशी ती गेल्याचा निरोप आला. आजार संसर्गाचा आणि माझी छाती मुळात कमजोर, म्हणून बाबांनी ते पत्र मला हात लावू दिलं नाही. ओळीखाली ओळ उतरवून घेतलं आणि मूळ जाळलं. ती प्रत तेवढी माझ्याकडे आहे.

सगळ्या पत्रात माझा उल्लेख एकदाच येतो, अगदी शेवटी, तो असा. आईला सांगा, माझ्या मनात आता काही नाही. बरी झाले की आधी तिच्याकडेच येईन. या दोन ओळींवर मी दोन वर्षं काढली आहेत रे. सकाळी उठते ती त्यांच्या जोरावर. दुकानात मशीन चालवताना आतल्या आत त्याच म्हणत असते. मंडळीत जाऊन बसते, डोळे मिटते, ते या दोन ओळींनी मला परवानगी दिली आहे म्हणून.

पण त्यांच्या आधीची ओळ अशी आहे, की हात दुखतोय, उरलेलं उद्या लिहिते. माणूस उद्या लिहिते म्हणून थांबल्यावर पुन्हा लिहायला लागतं का? लागतही असेल. मला कपड्याचा जोड कळतो, कागदावरचा कळत नाही. बाबांना विचारायची सोय नाही, आणि खरं सांगू, विचारायचा धीरही नाही.

म्हणून ती प्रत या पत्रासोबत पाठवते आहे. ती घराबाहेर पाठवताना जीव अर्धा झाला. तू परक्यांच्या हजार वर्षांपूर्वीच्या ओळी तपासतोस, माझ्या दोन तपास. मला खोटा धीर नको. तो हवा असता तर तुला विचारलं नसतं.

मोठ्या बहिणीवर असलेली माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

(ओळी ५५.)

*

ता. १४ एप्रिल

चि. बारक्यास,
ताईचे आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पाकीट पोचल्याची पोच मला मिळाली आहे, तेव्हा टपालवाल्यावर ढकलू नकोस. वाळवीने खाल्लेल्या पुस्तकाला अस्तर लावायला वेळ मिळतो आणि मला चार ओळी लिहायला नाही, असं का?

बाबांनी खाणं जवळजवळ सोडलंय. चमचा ओठाशी नेला की माझ्याकडे बघत राहतात. काहीतरी सांगायचंय त्यांना, आणि ते काय असेल या भीतीने मी हल्ली त्यांच्या डोळ्याला डोळा देत नाही. स्वतःच्या बापाला असं चुकवावं लागतंय. काल दुकानात एका कोटाला डाव्या जागी उजवी बाही लावली आणि तसाच तो इस्त्रीला दिला. एकवीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

काय असेल ते लिही. माझी काळजी करून वेळ काढू नकोस, ती करायला मी एकटी पुरेशी आहे. मनात मला जागा ठेव.

ताई

(ओळी १७.)

*

ता. २७ एप्रिल

ती. ताईस,
बारक्याचा सप्रेम सलाम, वि. वि.

उशीर झाला, माझा कान धर. खोलीत ओल आली म्हणून सगळी कपाटं हलवावी लागली, तीनशे पुस्तकं एकेक करून पुसली, त्यात दिवस कसे गेले कळलं नाही. पण तुझं काम मी विसरलो नव्हतो.

ताई, त्या दोन ओळी खऱ्या आहेत. मी त्या भिंगाखाली घालून पाहिल्या, तिरप्या उजेडात पाहिल्या, आमच्याकडे जे जे करतात ते सगळं केलं. शाई तीच, टाक तोच, अक्षराचा कल तोच. बाबांचा हात कुठे थांबलेला नाही, कापलेला नाही. मागाहून जोडलेली ओळ वेगळी दिसते, ही तशी दिसत नाही. आणि उरलेलं उद्या लिहिते म्हणून पुन्हा लिहिण्याबद्दल म्हणशील तर माणूस दारापर्यंत जाऊन परत वळून बोलतोच की. सगळ्यात महत्त्वाचं तेच बहुतेक वेळा दारात आठवतं. चिमीचंही तसंच झालं असणार.

मार्कबद्दल मी जे लिहिलं ते मार्कबद्दल होतं. तो नियम घरगुती पत्राला लागू होत नाही. मी आपलं पाजळलं ज्ञान, आणि तू ते घरात ओढून आणलंस. माझी ही बडबडीची खोड तुला माहीत आहे. माझ्यामुळे तुला एवढा त्रास झाला याची मला लाज वाटते. आता हा विषय डोक्यातून काढून टाक, बाबांना चार घास भरव आणि तूही जेव. माझी बायको म्हणते की उन्हाळा सरला की इकडे ये, इथे तुझ्या छातीला बरं वाटेल.

प्रत परत पाठवतो आहे, जपून ठेव. माझ्यावर रागावू नकोस आणि माया करायची थांबू नकोस.

तुझा,
बारक्या

*

ता. २ जून

चि. बारक्यास,
ताईचे आशीर्वाद.

तू परत गेलास त्याला दोन आठवडे झाले. बाबांना पुरायला आलास, चार दिवस राहिलास, भांडी घासलीस, त्यांची खाट उन्हात टाकलीस, आणि चारही दिवस माझ्या तोंडाकडे बघायचं टाळलंस. आपल्या घराला बोलायची सवय कुठे आहे, जे काही ते लिहायचं. म्हणून आता लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते उलटं धरून आधी तळ पाहिला. तिथे आकडा नव्हता. अक्षरं गिरवायला लागल्यापासून तू एक पत्र बिनआकड्याचं पाठवलेलं नाहीस, तुझ्या लग्नाची बातमी चार ओळींची होती तिच्याखालीही चार लिहिला होतास. तेव्हाच मला कळायचं ते कळलं. मग वरचं वाचलं, तू किती मेहनत घेतली आहेस ते पाहिलं. भिंग आहे, तिरपा उजेड आहे, फक्त ओळी मोजल्याचं कुठे नाही. आपल्या घरातला माणूस बाबांच्या हातची प्रत तपासतो आणि ओळी मोजत नाही, हे मी मानेन असं तुला वाटलं कसं?

मी मोजल्या होत्या. तुला पाठवायच्या आधी, दुकानात खिडकीशी उभी राहून, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, तीन वेळा. तळाशी बाबांच्या अक्षरात सव्वीस आहे. वर ओळी अठ्ठावीस आहेत. दोन वर्षं ती प्रत माझ्या उशाशी होती, पण मोजलं नव्हतं, कारण मोजणं म्हणजे संशय घेणं. तरीही तुला पाठवली. वाटलं, तू शिकलेला आहेस, काहीतरी काढशील. चाळीस वर्षांत एकदा बाबांची मोजणी चुकली, असं लिहिशील, आणि मी ते मुकाट्याने धरून बसेन.

ते कसं झालं असेल हे मला डोळ्यांसमोर दिसतं. बाबांनी नेमाप्रमाणे चिमीच्या ओळी मोजल्या. कोऱ्या कागदाच्या तळाशी सव्वीस लिहिले. एकेक ओळ उतरवत खाली आले आणि शेवटपर्यंत आईचं नाव निघालंच नाही. शेजारच्या खोलीत मी बसले होते, माझं रडणं त्यांना ऐकू येत होतं. सव्विसावी ओळ आणि तो आकडा यांच्यामध्ये थोडी जागा उरली होती. तेवढ्यात दोन ओळी बसल्या. आकडा मात्र त्यांनी खोडला नाही. खोटं लिहायला त्यांचा हात तयार झाला, खोटं मोजायला झाला नाही. तुझंही तेच झालं. एकाच बापाची लेकरं आपण.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. हे तुला माहीत नाही. सगळं वाचलं, शाई तीच, टाक तोच, ओळी खऱ्या आहेत, सगळं. मी म्हटलं, बाबा, बारक्याने तपासलंय, आता माझ्या मनात काही शंका नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या डाव्या हाताची मूठ सुटली आणि त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी दूध घेतलं. खाली आकडा नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्ही दोघांनी भर घातली, मी गाळलं. आठ दिवसांनी ते गेले. शांत गेले असं तू त्यांचा चेहरा पाहून म्हणालास, ते खरंय.

मला तुमचा दोघांचा राग आहे. तो लपवत नाही. माझ्या लेकीने मला क्षमा केलीच नाही, ती तिच्या आजोबाने केली, आणि तो अधिकार त्याचा नव्हता. मी दोन वर्षं ज्या ओळींवर उभी होते त्या माझ्या बापाच्या होत्या. तिच्या असत्या तर मी काहीही सोसलं असतं. आता सकाळी जाग येते आणि उठायला कारण सापडत नाही. दुकानात जाते, कारण मशीन रिकामं राहिलं तर काजंवालीवर दोघींचं काम पडतं. तिला मी सांगितलं की शास्त्र नीट उतरलंय, माझ्या भावाने सांगितलंय. ती म्हणाली, मग झालं तर. मलाही वाटलं होतं की मग झालं. शास्त्राबद्दल मला खरोखरच शंका राहिलेली नाही, बारक्या. पण प्रार्थनेला बसते आणि तोंडातून शब्द निघत नाही. नीट उतरलंय, पण ते माझ्यासाठी आहे की नाही, हे कुठल्या भिंगात दिसतं?

तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस की भर ओळखता येते म्हणून बाकीच्यावर विश्वास ठेवता येतो. ठेवला. सव्वीस ओळी चिमीच्याच आहेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र किंतू नाही. त्यांत आजोबांचा चष्मा आहे, तुझा खोकला आहे, आमच्या दुकानातली लंगडी मांजर व्याली का याची चौकशी आहे. मी नाही. बाकीचं सगळं खरं आहे, हेच तर माझं दुःख आहे.

एवढंच राहतं, की उरलेलं उद्या लिहिते असं तिने लिहिलं होतं. त्या उरलेल्यात मी होते की नाही? तुझ्याकडे प्रती हजारांनी आहेत, माझ्याकडे ही एकच, आणि पाच हजार असत्या तरी त्यात ते सापडलं नसतं. मी होते असं कधी दुपारी वाटतं आणि संध्याकाळपर्यंत ते वाटणं टिकत नाही.

काल मार्क काढला. त्या बायका पळाल्या, घाबरल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, तिथपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं. ज्यांच्याकडे तेवढंच पुस्तक होतं ते लोक पुढचा दिवस कसा काढत होते, हे तुमच्यात कुणी शोधून काढलं असेल तर मला कळव.

आता एक काम सांगते, नाही म्हणू नकोस. बाबांची प्रत पुन्हा तुला पाठवते आहे. तुझं अक्षर चांगलं आहे. मला चिमीचं पत्र नव्याने उतरवून दे. आधी तळाशी सव्वीस लिही, मग ओळीखाली ओळ उतरव. हात दुखतोय, उरलेलं उद्या लिहिते, इथपर्यंत ये. आणि थांब. खाली जागा उरेल. मी इकडे रडत असेन हे तुला ठाऊक आहे, तरी थांब.

तुमच्या दोघांच्या मायेखाली मी पार दबून गेले आहे रे, पण ती नको असं म्हणवत नाही.

तुझी,
ताई

(ओळी ९८.)